बेल-भंडारा

शालनबाईंच्या तोंडाला लागायची पिंपळे गुरवात कुणाची छाती नव्हती. पण त्या सकाळपासून भाडेकरू बाया समोरून आल्या, की बाईच पदर पुढं ओढून वाट बदलतात.

महापालिकेच्या निवडणुकीला त्यांचा थोरला, शेखर, उभा होता. बाईंनी आपल्या खोल्यांतल्या साऱ्या बाया अंगणात बोलावल्या आणि खंडोबाचा बेल-भंडारा ताटात घालून पुढं धरला.

"उचला गं! मत शेखरलाच देईन म्हणायचं. देवापुढं खोटं चालत न्हाई, ध्यानात ठेवा."

बायांनी निमूट भंडारा उचलून शपथ घेतली. रुपाली तेवढी थबकली. लातूरकडून आलेली, कंपनीतली शिफ्ट करून पुन्हा टँकरमागं हंडा घेऊन पळणारी.

"मावशी, मी उचलते की. पण दादांनी बी एकदा उचलावा. निवडून आल्यावर गल्लीत पाण्याची लाइन आणतो म्हणालेत ना, तेवढंच म्हणायचं."

"अगं भवाने, माझ्या लेकाला शपथ घालतीस? त्याचा शब्द म्हंजी काळ्या दगडावरची रेघ!" बाई कडाडल्या आणि त्यांनी आत हाक दिली, "शेखर, ये रं भाईर. उचल भंडारा, दाव हिला!"

शेखर आला. ताट बघून त्यानं दोन्ही हात पाठीमागं नेले आणि आईच्या कानाशी वाकला. पण अंगण इतकं गप्प होतं, की सगळ्यांना ऐकू गेलं.



"आये, देवाची खोटी शपथ घ्यायला लावतीस व्हय मला?"