चिंधीचं वंगण

बाबा गेले आणि त्यांची ठासणीची बंदूक लेकीकडे आली. गोळी चिंधीत गुंडाळून नळीच्या तोंडातून आत ठासायची, आणि चिंधी सुकी असून चालत नाही. तिने मेण लावलं, चरबी लावली, एरंडेलही झालं. चौथ्या बारालाच गोळी नळीत अडकून बसायची. शेवटी हात टेकून तिने नेमबाजीच्या मैदानावर बाबांच्या जुन्या जोडीदाराला गाठलं.

"काका, बाबा चिंधीला काय लावायचे हो? घर पालथं घातलं, डबी काही सापडत नाही."

"डबी कसली, पोरी? थुंकी! पुढच्या चार बारांच्या चिंध्या कायम गालात धरलेल्या असायच्या त्याच्या."

"मला कधी बोलले नाहीत."

"इथे बोलणार कसा? तोंड भरलेलं!" काका खो खो हसले.

तिला हसू आलं नाही. शाळेत असताना याच जागेवरून तिचा पहिला बार अगदी मधोमध लागला होता. तिने आनंदाने वळून पाहिलं, तर बाबा ओठ घट्ट मिटून उभे. चकार शब्द नाही. तिने बंदूक तिथेच ठेवली होती, आणि ती पुन्हा कधी त्यांच्याबरोबर आली नव्हती.