एका श्वासातली हाक

“भुंग्याऽऽ, मुंग्याऽऽ, वर याऽऽ!”

दिवेलागणीला गॅलरीतून वडिलांची हाक सुटायची आणि अंगण ओलांडून पार पलीकडच्या भिंतीला लागून परत यायची. थोरला भुंगा, कारण तो सदा गुणगुणायचा. घराखालीच वडिलांचं पंपांच्या विजेच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान. नवी तार गुंडाळलेली मोटार सुरू झाली की वरच्या खोलीतली फरशी घुमायची. थोरला फरशीला कान लावून पालथा पडायचा आणि नेमका तोच सूर नाकातून धरायचा. धाकटा मुंग्या, कारण थोरला जाईल तिथे हा मागे.

हाक मात्र जोडीनेच. काम एकट्या धाकट्याशी असलं तरी. एकदा थोरला कुरकुरत जिना चढला. काच यानं फोडली, मग मला कशाला बोलावलं? वडील हसले.

“तुझं नाव घेतल्याशिवाय याचं तोंडातून निघतच नाही. त्याला मी काय करू?”

मग एका तापात थोरला गेला.

त्यानंतर घरात ते नाव उरलं नाही. आई ‘तो’ म्हणायची, तेही भांडी घासताना, आवाजाच्या आडून. वडील तेवढंही म्हणत नसत. धाकट्याला ते ‘अरे’ म्हणू लागले. अरे, दिवा लाव. अरे, पाना दे. अरे, जेवून घे. त्या एका ‘अरे’वर धाकट्याला मिसरूड फुटलं, शिक्षण झालं, नोकरी लागली आणि सुटलीसुद्धा.

वरच्या खोलीत त्यानं संगणक मांडला. दोन स्पीकर आणले. फरशीला माइक चिकटवून खालच्या मोटारीची घूं टिपली, तिच्यावर ठेका चढवला आणि लोकांना नाचवणारं संगीत बांधू लागला. पहिला ट्रॅक इंटरनेटवर टाकताना टोपणनावाची जागा रिकामी होती. मनाला विचारायच्या आत बोटांनी लिहून टाकलं: भुंगा. कुठल्यातरी गावात कुणातरी अनोळखी माणसानं ते नाव घ्यावं, एवढंच त्याला हवं होतं.

माणसांनी ते घेतलं. आधी मूठभर, मग ओंजळभर, मग मैदानभर. डोक्यावरून हूड ओढून तो मंचावर उभा राहायचा. तोंड कुणी पाहिलं नव्हतं. घरी त्यानं सांगितलं होतं की जाहिरातींच्या आवाजांचं काम असतं, फिरावं लागतं. त्याच्या जॅकेटचं कोपर फाटलं तेव्हा आईनं निळं ठिगळ लावून दिलं.

मग आपल्याच शहरात कार्यक्रम ठरला आणि दुकानासमोरच्या भिंतीवर पोस्टर लागलं. पाठमोरा माणूस, कोपरावर निळं ठिगळ, वर हातभर अक्षरांत नाव. सकाळी धाकट्यानं गॅलरीतून पाहिलं. वडील हातात किल्ल्या घेऊन पोस्टरसमोर उभे होते. किती वेळ तरी. मग त्यांनी शटर अर्धंच उघडलं. त्या दिवशी फरशी घुमली नाही.

जेवताना त्यानं मान खाली घालून सांगितलं. “बाबा, उद्याचा शेवटचा. मग नाव बदलतो मी.”

वडील हात धुवायला उठले.

आईला त्यानं दोन पास दिले. बघू, म्हणाली ती. आईचं ‘बघू’ म्हणजे ‘नाही’, हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं.

कार्यक्रमांचं सगळं पाहणारी त्याची मॅनेजर मैत्रीण दुसऱ्या दिवशी नाव बदलायचं ऐकून मंचामागे डोकं धरून बसली. ही काय दुकानाची पाटी आहे, रंग मारला की झालं? या नावावर लोक येतात. बदललंस तर परत वाढदिवसांना गाणी लावत बसशील. त्याला ते पटत होतं. पण अर्ध्या उघड्या शटरपुढे त्याचं काही चालत नव्हतं. एका बापाची जखम गावभर वाजवून आपण पोट भरतो आहोत, असं त्याला काल रात्रभर वाटत राहिलं होतं. शेवटच्या ट्रॅकमध्ये मध्येच सगळं थांबवायचं आणि माइक घेऊन सांगायचं, हे त्यानं पक्कं केलं.

सूर्य मावळता मावळता तो मंचावर गेला. आधी घूं. मैदानाची माती पायांखाली थरथरली. मग ठेका आला आणि माणसं वाऱ्यावरच्या पिकासारखी हलू लागली. तो वाजवत गेला. कधी नव्हे इतकं चांगलं वाजत होतं. निरोपाचं असंच असतं.

शेवटचा ट्रॅक चढत चढत टोकाला गेला. तिथे त्यानं सगळे आवाज बंद केले. हेडफोन काढले. एरवी एवढ्या शांततेनंतर ठेका कोसळतो. लोक हात वर करून त्याचीच वाट पाहत होते. ठेका आला नाही, तेव्हा अख्ख्या मैदानानं हाक मारली.

“भुंगाऽऽ!”

त्यानं माइक उचलला. खाली, मंचाच्या पायऱ्यांपाशी, आईचा पदर दिसला. तिच्या शेजारी दुकानाचा काळा-तेलकट सदरा. वडील त्याच्याकडे पाहत नव्हते. गर्दीकडे तोंड करून, मान तिरकी करून ते ऐकत होते, मोटार ऐकतात तसे.

“भुंगाऽऽ!” मैदान पुन्हा म्हणालं, आणि दम घ्यायला थांबलं.

तेवढ्या फटीत वडील वळले. दोन्ही हातांचा कर्णा करून त्यांनी तोंडाशी धरला, पूर्वी गॅलरीत धरायचे तसा.

“मुंग्याऽऽ!”