ज्याची त्याची गच्ची

"गोष्ट माझ्याच घरातली घ्या," नीलिमा म्हणाली, आणि कौमुदीचा चहाचा कप ओठांशीच थांबला.

जयपूरच्या बनी पार्कातल्या कौमुदीच्या घरी रविवारी दुपारी चार मराठी माणसं गोष्टी सांगायला जमत. आजचा खेळ तिनेच ठरवला होता. घटना एकच, पण प्रत्येकाने ती कुणा एकाच्या नजरेतून सांगायची, हवं तर स्वतःच्या, हवं तर दुसऱ्याच्या. तिच्या मनात एखादं हरवलेलं मांजर वगैरे होतं. नीलिमाने मात्र मागच्या संक्रांतीला गच्चीवरून पडून गेलेला आपला नवरा, शुभंकर, पुढे केला.

कौमुदीने तिला परोपरीने समजावलं. नीलिमा ऐकेना. त्या दिवशी आपण खाली स्वयंपाकघरात होतो, हे तिने पोलिसांना सांगितलं होतं, सासरच्यांना सांगितलं होतं, सांगून सांगून तिला ते पाठ झालं होतं. पण वर काय घडलं ते कुणी पाहिलं होतं का, हा प्रश्न वर्षभर तिचा जीव कुरतडत होता. आणि त्या दिवशी आसपासच्या गच्च्यांवर असलेली माणसं आज तिच्यासमोर बसली होती.

भीमाबाई तेवढ्या खुर्चीवर होत्या. मुलगा उत्तम इथे रेल्वेत नोकरीला, त्याच्याकडे त्या राहत. मानेला पट्टा असल्याने त्यांना खुर्ची लागे आणि बाकीचे खाली सतरंजीवर, म्हणून कौमुदी त्यांना महाराणी म्हणून चिडवी. त्या फक्त मराठी कानावर पडावं म्हणून येत. स्वतः कधी गोष्ट सांगत नसत.

संक्रांत जवळ आली होती. बाहेर "वो काटा" अशी पतंग कापल्याची आरोळी उठली की नीलिमाचे खांदे आखडत.

सुरुवात रणजीतने केली. शेजारच्या गच्चीवरच्या या पोराचं शुभंकरशी पतंगांवरून वाजलं होतं, त्यामुळे गल्लीत त्याच्याबद्दल बरीच कुजबुज झाली होती. नीलिमा त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत होती.

त्याने पेच कसा लागला ते सांगितलं. शुभंकर ढील देत होता, हा खेचत होता, आणि एकदम समोरचा मांजा सैल पडला.

"मला वाटलं, मी जिंकलो. मी नाचत होतो, वहिनी."

"आणि तो? तो दिसला नाही तुला?"

"संक्रांतीला खाली कोण बघतं? अख्खं जयपूर वर बघत असतं."

त्याला रडू आवरेना. नीलिमाने खोल श्वास सोडला. त्याच्या पाठीवर ठेवायला तिने हात उचलला आणि परत मांडीवर घेतला.

"एक कळत नाही," रणजीत डोळे पुसत म्हणाला. "नंतर तुमच्या गच्चीवर धावत आलो, तर मांज्याची चरखी भिंतीशी नीट उभी होती. ऐन पेचात एकटा माणूस चरखी अशी ठेवेल? ती पायाशी लोळत असते."

"त्याची सवयच होती तशी," नीलिमा म्हणाली.

मग कौमुदी बोलली. तीही तेव्हा आपल्या गच्चीवर होती. तिलाही पतंग आठवत होते, त्यांचे रंग आठवत होते, मग किंकाळी. मधलं काहीच नाही. मला माफ कर, असं ती नीलिमाला पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. नीलिमाने उलट तिचीच समजूत घातली, आणि किती तरी दिवसांनी तिळाचा लाडू चवीने तोंडात टाकला.

"माही बारी राह्यली," भीमाबाई म्हणाल्या.

सगळ्यांना नवल वाटलं. नीलिमा त्यांच्याकडे वळून हसली. "मावशी, तुम्ही समोरच्या गच्चीवर खुर्ची टाकून ऊन खात होतात. तुम्हीही पतंगच बघत असाल."

"कशी पाहीन? पट्टा लागला तवापासून माही मान वरच होत नाही, पोरी. मले समोरचं तेवढं दिसते. पण म्हातारीले कोणी इचारलंच नाही."

नीलिमाने उचललेला दुसरा लाडू परत ताटलीत ठेवला. कौमुदी नकळत खेळाचाच प्रश्न विचारून बसली, "कुणाच्या नजरेतून सांगणार, मावशी?"

भीमाबाई नीलिमाकडे बघत राहिल्या. त्या बघण्यात राग नव्हता, आणि नीलिमाला त्याचीच जास्त भीती वाटली.

"हिच्याच," त्या म्हणाल्या आणि सांगू लागल्या. "मी चरखी भिंतीशी नीट उभी ठेवली. मंग दोन्ही हात त्याच्या पाठीवर ठेवले."