मामांची पसंती

बोंडअळीच्या साली ममताला नागपूरला पत्रकारितेला प्रवेश मिळाला. लॅपटॉप निवडायला यवतमाळच्या दुकानात सोबत मामा आले, कळंबचे नावाजलेले वार्ताहर देवराव. त्यांच्या चपलेला शेतातली माती लागलेली ममताने कधी पाहिली नव्हती, तरी कापसावरची त्यांची बातमी दर आठवड्याला छापून यायची.

दुकानदार व्हिडिओ एडिटिंग, ग्राफिक्स, रॅम समजावत राहिला आणि मामा एकेका लॅपटॉपला नाक मुरडत राहिले.

"आमी वीस वर्स बातम्या देल्या. हे चोचले कायले पायजेत?"

शेवटी त्यांनी त्यातला एक पुढे ओढला.


"मले येवढंच सांगा भाऊ. मांगच्या सालची आत्महत्येची बातमी उघडून मयताचं नाव आन् गाव तेवढं बदलता येते ना याच्यात?"