बाहेरच्यांची साक्ष

पनवेलच्या चर्चमध्ये युवक संघाची पुढारी म्हणून तेवीस वर्षांच्या रिबेकाचं नाव आलं, तेव्हा प्रभुदासकाकांनी भर कमिटीत पवित्र शास्त्र उघडून बोट ठेवलं. "पुढाऱ्याबद्दल बाहेरच्या लोकांचीही चांगली साक्ष हवी, असं लिहिलंय. मान वयानं मिळत नाही की मागून मिळत नाही, चारित्र्यानं कमवावा लागतो!" बावीस वर्षं कमिटीची खुर्ची उबवलेल्या माणसापुढे कोण बोलणार? चौकशीचं पवित्र कार्य अर्थातच काकांनी स्वतःच्या शिरावर घेतलं.

चर्चबाहेरचं, रिबेकाला ओळखणारं माणूस म्हणून त्यांना कामोठ्याच्या बाजारातली मासेवाली हौसाबाई आठवली; रिबेकाच्या घरचे मासेही तिच्याकडूनच जायचे. पंधरा वर्षं काका तिच्याकडूनच मासे घ्यायचे आणि दर खेपेला "शिळा माल गळ्यात मारतेस" म्हणत चार लोकांत तिचा उद्धार करायचे. आजही पापलेटाचे कल्ले उचकटून, नाक मुरडून झाल्यावर मग त्यांनी विषय काढला.

"रिबेका ना? गुनाची पोर हाय ती!" मासे कापता कापता हौसाबाईचा हात थांबला. "मी आजारी होते तवा आठ दिस घरी डबा घेऊन आली. त्यांचे चर्चमदी असाच शिकवतात म्हने."

काकांची छाती फुगली. त्या चर्चचे आपण कोण, हे सांगायला त्यांनी घसा खाकरला, तोच हौसाबाई आपुलकीनं पुढे झुकली.

"काका, तुमी पन जावा की तिथं. सुधराल जरा."