एक टक्क्याची सूट

"अंगठा कुठं लावू?" शीला रजिस्ट्री ऑफिसातल्या कॅमेऱ्यापुढच्या खुर्चीत बसायला निघाली.

"थांबा मावशी. आधी घर घेणाऱ्याचा फोटो," दस्त लिहिणारा सिद्धराम म्हणाला.

आता घ्या. घेणारी तर तीच होती, निदान अर्धी तरी. नांदेडातलं हे दोन खोल्यांचं रो-हाऊस दोघांच्या नावावर होणार, असं तिच्या नवऱ्यानं, हनुमंतनं, ऋतुजाच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं होतं. लेकीची शपथ कोण खोटी खातो? म्हणून तिनं माहेरच्या पाटल्या मोडल्या. म्हणून चार वर्षं अर्धापुरात केळीचे वेफर्स तळून हाताला चटके घेतले. 'आधार कार्ड घे, तुझी सही लागती,' तो काल म्हणाला, तर बाई ठेवणीतलं इरकल नेसून, पेढे घेऊन आली.

हनुमंतनं खुर्चीत बसून भांग नीट केला. फोटो निघाला.

"दादा, माझं नाव?"

सिद्धरामनं पान उलटलं. "हे काय, शेवटी. ओळख देणार. घेणारा माणूस हाच, असं रजिस्ट्रार साहेबांपुढं सांगायला दोघं लागतात. एक मी, एक तुम्ही. त्याबिगर रजिस्ट्री होत न्हाई." मग आवाज उतरवून म्हणाला, "मी म्हणलं होतं, एकट्या मावशींच्या नावावर घ्या, बायकांना स्टँप ड्युटीत एक टक्का सूट हाय. ते नगं म्हणले."

शीलानं मान वळवून हनुमंतकडं पाहिलं. भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी हुज्जत घालणारा हा माणूस. तिचं नाव नको म्हणून त्यानं वरचे पैसे भरले होते.

"आई म्हणली, नावावर केलं की बाई डोक्यावर बसती," हनुमंत पुटपुटला. "घरातच हाय की सगळं. इथं तमाशा करू नको."

तिनं तमाशा केला नाही. साहेबांच्या टेबलापाशी जाऊन आधार कार्ड ठेवलं.

साहेबांनी रोजचाच प्रश्न विचारला. "हे खरेदीदार. यांना तुम्ही स्वतः ओळखता ना, बाई?"

हनुमंत हसला. अकरा वर्षांचा संसार झालेला, हे काय विचारणं झालं.

शीलानं त्याच्याकडं नीट बघून घेतलं. मग टेबलावरचं आपलं कार्ड उचललं आणि पिशवीत पेढ्यांशेजारी ठेवलं.

"न्हाई साहेब," ती म्हणाली. "म्या ह्यांला वळखत न्हाई."