भिंतीकडची बाजू

वडलांच्या दुकानातलं व्हिडिओ गेमचं जुनं मशीन अभयनं उस्मानपुऱ्यातल्या घरी आणलं, तेव्हा एका बाजूवरच्या चित्रातली लाल गाडी मधोमध पार झिजलेली होती. तळहाताएवढा पांढरा डाग, तोही लहान लेकराच्या उंचीला.

“ती बाजू तर सदा भिंतीला टेकलेली,” आई म्हणाली. “तिथं कोणाचा हात जाणार?”

तसंच चित्र शोधता शोधता अभय मेटाकुटीला आला. अखेर परदेशातल्या एका शौकिनानं स्कॅन पाठवलं. मुकुंदवाडीच्या सोमनाथनं त्याचं स्टिकर छापलं, वरून लॅमिनेशन केलं आणि स्वतः येऊन चिकटवून दिलं.

आठवड्यात डाग परत आला. त्याच जागी, तेवढाच.

“शाई कच्ची वापरली काय?” अभयनं सोमनाथला बोलावून विचारलं.

सोमनाथनं डागावरून नख फिरवलं. मग मोबाईलचा उजेड तिरपा धरून बराच वेळ पाहत राहिला.

“भाऊ, लॅमिनेशनला ओरखडा बी नाय,” तो हळू म्हणाला. “रंग खालून गेलाय. आतून.”

अभयनं मागच्या बाजूनं मशीनमध्ये डोकं घातलं. आतल्या लाकडावर ताजा लाल रंग होता, बारक्या बोटांनी पुसल्यासारखा. बोटांचे ठसे फळीवरून खाली उतरत मागच्या झाकणाच्या चौकटीपर्यंत आले होते.

त्या झाकणाला वडलांनी जन्मभर कुलूप ठेवलं होतं. वायरिंग तपासायची म्हणून अभयनं ते आज सकाळीच तोडलं होतं.